मिसिसिपीचा हेल

डोळा लागतोय न लागतोय अशा बेतात व्हर्डेल प्रूइट मेकअपच्या खुर्चीत मान टाकून बसली आहे. दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर स्टुडिओच्या आवारात कॅलिफोर्नियाचं ऊन रणरणतंय. मांडीवर आजच्या प्रसंगाची पानं पडली आहेत. मालिकेतल्या म्हाताऱ्या आईला मुलाच्या थडग्याशी बोलायचं आहे. आई मिसिसिपीची. व्हर्डेलही तिथलीच, म्हणून तर तिला बोलावलं. पण सकाळच्या तालमीत ती साधं, सरळ बोलली, तर दिग्दर्शक म्हणाला, "बाई, जरा गावठी करा की! दक्षिणेची आहे हे कळू दे लोकांना. शेवटच्या वाक्याला हशा आला पाहिजे."

चाळीस वर्षं टीव्हीवर काढली तिनं. पहिल्याच वर्षी एका शिक्षिकेनं दातांत बूच धरायला लावून तिचा गावाकडचा हेल मोडून काढला, तेव्हा कुठे तिला डॉक्टरणीची, न्यायाधीशाची कामं मिळाली. आता बासष्टाव्या वर्षी टीव्हीवाल्यांना तोच हेल परत हवा आहे, पण वेडावून दाखवलेला.

"ऊठ पोरी, माझ्या टकलाला पावडर लागायचीय अजून."

ती दचकत नाही. दारात हॉइट बारफील्ड उभे आहेत, अंगावर पोस्टमनचा निळा सदरा. अलाबामाचा माणूस. एका विनोदी मालिकेत अकरा वर्षं वेंधळा पोस्टमन रंगवला त्यांनी. त्यांचं 'गुड मॉर्निंग' शाळेतली पोरं नक्कल करून म्हणायची. व्हर्डेल नवखी असताना त्यांनीच तिला पहिलं दोन वाक्यांचं काम मिळवून दिलं होतं. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या शवपेटीवर तिनं फूल ठेवलं.

"मिस्टर हॉइट, तुम्ही तर गेलात." वडीलधाऱ्यांना नावाआधी मिस्टर लावायची तिकडची रीत तिच्या जिभेवर आपोआप येते.

"गेलो म्हणून काय चेहरा चमकत ठेवू?"

ती हसत उठते. पाय जमिनीवर टेकतो तो गवतात. आरशाभोवतीचे दिवे तसेच जळताहेत, पण आता झाडांच्या फांद्यांत. खाली तांबडी माती, नुकती उकरलेली. खुर्च्यांच्या रांगांत माणसं बसली आहेत, टोप्या गुडघ्यांवर ठेवून.

"कोण गेलं?" ती हळूच विचारते.

"माझा बाप. बघ आता."

हॉइट पुढे होतात. घसा खाकरतात. "माझे बाबा," ते सुरुवात करतात, "फार बोलायचे नाहीत..." आणि मागच्या रांगेतून फिस्सकन हसू फुटतं. मग मधून. त्यांची सख्खी आत्या तोंडाला रुमाल लावते, तिचे खांदे गदगदताहेत. "हसू नका," हॉइट म्हणतात, तर सगळी दफनभूमी खदखदून हसते.

ते परत व्हर्डेलजवळ येतात. चेहरा पांढराफटक.

"मी विनोद केला नव्हता गं. नुसता बोललो. बापानं शिकवलं तसंच. पण अकरा वर्षं मी तो हेल वेडावून वेडावून जगाला दाखवला होता. बापाला माती देताना लागला, तर तो माझा राहिलाच नव्हता."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"लाज वाटली. जिवंत माणसाला लाज असते."

व्हर्डेल त्यांची बाही धरते. "मी नाही म्हटलं तर घरी पाठवतील मला. या वयात दुसरं काम कोण देणार?"

"पाठवू देत. घर कुठंय तुझं?"

ती उत्तर द्यायला वळते, तर समोर जाळीचं दार आहे, तिच्या आईच्या स्वयंपाकघराचं. आत कोणी दिसत नाही. मक्याच्या पावाचा खरपूस वास येतो, आणि हाक. "व्हर्डेऽऽल!" मधलं अक्षर उतारावरून सोडलेल्या गाडीसारखं लांबच लांब जातं. असा हेल काढून तिला चाळीस वर्षांत कोणी बोलावलेलं नाही.

"हसू येतंय का याला?" हॉइट विचारतात.

"कोणी हसून तर दाखवा. थोबाड फोडीन!"

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटतो. भरदार, सैल, तिकडचा.

"झालं तर मग," हॉइट म्हणतात आणि खुर्चीत बसून डोळे मिटून घेतात, पावडरची वाट पाहत.

दारावर टकटक होते.

"मिस प्रूइट? पाच मिनिटं." सहायक दिग्दर्शिका मारिसोल दारातून डोकावते.

व्हर्डेल डोळे उघडते. खोलीत तिच्याशिवाय कोणी नाही. उजव्या मुठीत भुवयांची काळी पेन्सिल घट्ट धरलेली आहे, तिचं टोक मोडलंय. मांडीवरच्या पानांवर हेलाच्या नावाखाली वेडेवाकडे लिहिलेले सगळे शब्द खोडले आहेत. प्रत्येकावर सरळ, साधा शब्द. अक्षर तिचंच. हशाच्या वाक्यावर तर रेघ इतक्या जोरात ओढली आहे की कागद फाटलाय.

ती कितीतरी वेळ फाटलेल्या जागेवरून बोट फिरवत राहते. मग उठते.

"त्यांना सांग, आई येतेय. मुलगा गेलाय तिचा, ती कोणाला हसवणार नाही. चालत नसेल तर माझी गाडी बोलवा."

मारिसोल घुटमळते. "हे असंच सांगू?"

"अस्संऽऽच," व्हर्डेल म्हणते, मिसिसिपीच्या लांबलचक हेलात.

मारिसोल हसत नाही.