चौरंगावरचे जलतरण

चहा घ्या मंडळी, पण कप खाली ठेवून ऐका. ही हकीकत ऐकताना दोन सभ्य गृहस्थांच्या धोतरावर चहा सांडलेला मी स्वतः पाहिला आहे. आणि कृपा करून माझ्या तोंडाकडे पाहू नका. मला सांगताना अजूनही लाज वाटते.

लातूर नुकते जिल्हा झाले होते, त्या वेळची ही गोष्ट. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. आले नाही ते फक्त पाणी! पावसाने पाठ फिरवली होती. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग पार मठापर्यंत जाई.

निजामाच्या राज्यातली माझी शाळा चौथीला संपली. पुढचे शिक्षण मी कापडाच्या गाठींवर बसून, एकट्याने, वाचून केले. त्यामुळे गल्लीत मला मान होता. पाणी जपून वापरावे, या विषयावर मी मठाच्या ओट्यावर तीन व्याख्याने दिली होती. घागर विसळणाऱ्या बायकांना मी भर रस्त्यात थांबवून चार शब्द ऐकवीत असे.

आणि अशा या माणसाच्या मनात काय यावे? आपल्या घरी पोहण्याचा तलाव असावा!

हसू नका. दोष सर्वस्वी माझा नव्हता. माझे जावई शिवराज हे नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवीत. गोदावरीचे पात्र रोज डोळ्यांसमोर, त्यामुळे पाणी या वस्तूविषयी त्यांचा स्वभाव उदार. आम्ही नवे घर बांधले, तेव्हा मागच्या मोकळ्या जागेकडे पाहून ते म्हणाले, "मामा, आता जिल्हा झाला. उद्या साहेबलोक तुमच्याकडं बसायला येतील. इथं एक स्विमिंग पूल टाकून देऊ?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"करा की. रविवारी मी खोदणारी माणसं घेऊनच येतो. तोवर हो की नाही, ते ठरवा."

मी विचार केला. पूर्वेला पायऱ्या असाव्यात काय? फरशी निळी की पांढरी? पोहून आल्यावर अंगावर पंचा घ्यावा की साहेबांसमोर सदरा? सगळा विचार केला आणि शेवटी एका मूलभूत प्रश्नाशी येऊन थांबलो. मला पोहता येते काय?

येत नव्हते. येणार कसे? आमच्या भागात ज्या विहिरीत माणूस बुडेल इतके पाणी, ती विहीर दाखवायला पाहुण्यांना नेतात.

तेव्हा मी ठरवले, आधी विद्या, मग वास्तू. पोहणे जमले तर तलाव, न जमले तर नाही. जलतरणावरचे एक पुस्तक मिळवून मी ते दोनदा वाचले. त्यात लिहिले होते की हातापायांचा सराव कोरड्यावरही करता येतो. पोट बाकावर टेकवावे आणि हातपाय मोकळे सोडावेत. घरात बाक नव्हता. पूजेचा चौरंग होता.

ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नाही. सौभाग्यवतीला तर नाहीच. व्याख्याने देणारा मनुष्य दुष्काळात पोहणे शिकतो आहे, हे बाहेर कळले असते तर मठाच्या ओट्यावर मला पुन्हा कोणी चढू दिले असते काय? तुम्हीच सांगा!

रविवार उजाडला. सकाळी टँकर आल्याची आरोळी झाली. सौभाग्यवती घागरी घेऊन गेली. मी दार लोटले, सदरा काढला, धोतराचा काचा मारला आणि चौरंगावर पालथा झालो. आज शेवटचा धडा होता, श्वासाचा. त्यासाठी पाणी अपरिहार्य. मी पातेल्यात अडीच तांबे पाणी घेतले, ते पुढे ठेवले आणि त्यात तोंड घातले.

एक हात पुढे, दुसरा मागे. पाय वर-खाली. तोंड पाण्यात, तोंड बाहेर. नाकात पाणी जात होते, ठसके लागत होते, डोळे पांढरे होत होते. परंतु कष्टावाचून विद्या कोणाला मिळाली आहे? मी वेग वाढवला.

नेमकी त्याच वेळी शेजारची गंगाबाई विरजण मागायला आली. तिने खिडकीतून आत पाहिले.

"अगं बयाऽऽ! धावा की वं! अप्पाला फिट आली! हातपाय झाडायलेत!"

पुढच्या क्षणी दार उघडले आणि अर्धी गल्ली माझ्या अंगावर! कोणी पाय धरले, कोणी हात. मला उताणे केले. कोणीतरी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. मठाची व्यवस्था पाहणाऱ्या बसवणप्पांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली.

"हुंगा अप्पा, हुंगा! लांब श्वास घ्या!"

ती चप्पल किती वर्षांची होती, हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्या वेळी मी एवढेच म्हणायला हवे होते, 'मंडळी, मी पोहत होतो.' चार शब्द! पण समोरच पिण्याच्या पाण्याचे पातेले उघडे पडले होते. मी डोळे मिटले आणि फिट चालू ठेवली.

"दातखीळ बसली जणू," एकजण म्हणाला.

"लई वाचत्यात न्हवं? मेंदूला ताण पडला आसंल," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात कोणीतरी सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांना घेऊन आले. ते मूळचे कोकणातले. त्यांनी नाडी पाहिली, पापणी वर करून डोळा पाहिला आणि विचारले, "झटके कसे येत होते? कोणी पाहिलं?"

"म्या बघितलं की!" गंगाबाई पुढे सरसावली. तिने पदर खोचला आणि उभ्याउभ्याच करून दाखवू लागली. "हा हात असा फुडं, मंग त्यो. पाय असं दणादणा. तोंड वर केलं की फूऽऽ करायचे, आन् पातेल्यात घातलं की आत वडायचे. लई हाल बगा, डाक्टरसाहेब!"

डॉक्टर गंगाबाईकडे पाहत राहिले. मग चौरंगाकडे. मग पातेल्याकडे. त्यांच्या मिशा हलू लागल्या. मी एक डोळा किंचित उघडला होता, तो लगेच मिटला.

इतक्यात बाहेर टिकाव-फावड्यांचा खणखणाट झाला. जावई चार माणसे घेऊन दारात हजर! अंगणातली गर्दी पाहून त्यांना वाटले, मंडळी खोदाईच्या मुहूर्ताला जमली आहेत.

"वा, सगळेच आलात! बसवणप्पा, खड्डा मागच्या बाजूला घ्यायचा आहे. आखून घेऊ का?"

बसवणप्पांच्या हातातली चप्पल गळून पडली. आता आम्ही लिंगायत, हे ध्यानात घ्या. आमच्यात माणूस गेला की जाळीत नाहीत, खड्डा करून मातीत बसवतात.

"जावईबापू," बसवणप्पा म्हणाले, "आवं, जीव हाय की त्येंच्यात अजून!"

जावयांना वाटले, ते खोदणाऱ्यांविषयी बोलताहेत. "म्हणूनच कामाला लागलेलं बरं. उन्हं चढली की माणसं थकतात."

"आन् घरामागं कशाला? आपली जागा हाय की गावाबाहेर."

"छे, छे! मामांना घरातच पाहिजे. वीस बाय दहा फूट."

"वीस फूट? येका माणसाला?"

"एकाला कसा? सगळं घर एकदम उतरलं पाहिजे त्यात!"

बसवणप्पा मटकन खाली बसले.

आणि त्याच क्षणी डोक्यावर घागर, काखेत घागर अशी सौभाग्यवती दारात आली. तिने आत मला पाहिले, बाहेर टिकाव पाहिले. रांगेत उभी राहून आणलेली डोक्यावरची घागर तिच्या हातून निसटली आणि सगळे पाणी उंबऱ्यावर सांडले. तिकडे तिने पाहिलेदेखील नाही. ती माझ्या उशाशी येऊन बसली, कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "अवं, असं काय करायलाव? मी आहे की इथं. डोळे उघडा."

मंडळी, त्या हाताखाली फिट चालू ठेवणे माझ्याने झाले नाही.

मी उठून बसलो. किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. "मला काहीही झालेले नाही," मी म्हणालो. "मी पोहण्याचा अभ्यास करीत होतो."

"पवत हुता?" गंगाबाई म्हणाली. "कुठं?"

"चौरंगावर."

आधी बसवणप्पांचे पोट हलले आणि त्यानंतर जो हशा उसळला, तो पार टँकरवाल्यापर्यंत गेला असावा. बायका भिंतीला धरून हसत होत्या. ज्यांच्या घागरी मी विसळू दिल्या नव्हत्या त्या तर पुन्हापुन्हा पातेल्यात डोकावून येत होत्या. सौभाग्यवती मात्र हसली नाही. सारा प्रकार ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारले.

"आन् त्या तलावात पाणी कुठलं?"

मी जावयांकडे पाहिले. जावयांनी माझ्याकडे पाहिले. फरशीचा रंग ठरला होता, पायऱ्यांची दिशा ठरली होती. पाण्याचे कोणी बोललेच नव्हते.

"म्या घागरीनं भरू व्हय?" ती म्हणाली. आता मात्र तिला हसू आवरेना. तलावाचा निकाल तिथेच लागला. खोदणाऱ्यांना चहा-पोहे झाले, आणि नव्या घराचे पहिले पाहुणे म्हणून तेच मोठ्या खुशीने बसले. मलाही, खरे सांगतो, बऱ्याच दिवसांनी मोकळे वाटले.

तरी माणसाचा अभिमान सहजी मरतो थोडाच! डॉक्टर निघाले तसा मी त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो आणि हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, आपण समुद्राकाठचे. खरे सांगा. पाणी असते, तर मला पोहता आले असते काय?"

"हातपाय उत्तम, अप्पा," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पण त्या बाईंनी दाखवलं त्यावरून, श्वास तुम्ही पाण्यात घेत होतात आणि बाहेर सोडत होतात."

म्हणजे पाहा! गंगाबाईला त्या दिवशी विरजण कमी पडले नसते, तर ऐन दुष्काळात, लातुरात, अडीच तांबे पाण्यात, स्वतःच्या घरी चौरंगावर पालथा पडून मी बुडून मेलो असतो!