मागची भिंत राहिली

निघायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हा तिघांना वेदीसमोर उभं केलं, डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि मंडळीला सांगितलं, "ही मुलं मावळातल्या एका ठाकरवाडीवर सेवेला चालली आहेत. परत आल्यावर शमुवेल साक्ष देईल." शमुवेल म्हणजे मी, आणि साक्ष म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आमच्या खडकीच्या चर्चमधून जो सेवेला जातो तो बदलूनच येतो, निदान माईकवर तरी.

पहिल्या बाकावर आई डोळे पुसत होती. माझं आयुष्य बदलावं ही तिची फार दिवसांची मागणी होती, कारण कॉलेज संपल्यापासून मी नोकऱ्या धरत होतो आणि सोडत होतो. मलाही आतून एक भीती होतीच, की आपण कुणाच्याच काही उपयोगाचे नाही. वाडीवर त्याचा निकाल लागणार होता. साक्ष मात्र मी निघण्यापूर्वीच मनात तयार करून ठेवली होती. तीत मी रडत होतो आणि वाडीतले लोकही रडत होते.

आमच्या पुढारी रूथताई, संडे स्कूलच्या शिक्षिका. तिसरा माझा मामेभाऊ योएल. रस्ता दाखवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्यानं आम्हाला लोणावळा लोकलमधून तळेगावच्या अलीकडे घोरावाडीलाच उतरवलं. "वाडीलाच जायचंय ना आपल्याला?" तो म्हणाला. गाडी निघून गेली. वाडीवरच्या अंगणवाडीसाठी घेतलेल्या रंगाच्या डब्यांवर बसून आम्ही पुढच्या लोकलची वाट पाहिली आणि रूथताईंनी योएलच्या क्षमेसाठी मनातल्या मनात प्रार्थना केली. वेळ बराच लागला, म्हणजे क्षमा सोपी नसावी.

तळेगावहून टमटम मिळाली. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांपाशी शिफ्ट सुटून बसची रांग लागली होती. ती मागे पडली आणि थोड्याच वेळात रस्ताही संपला. पुढे चढण. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं, वर कारवीचं रान, आणि माझ्या हातात निळ्या रंगाचा डबा, जो दर वळणाला जड होत होता.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं खळ्यावर (मळणीच्या जागेवर) भात झोडत होती. आमची चाहूल लागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. यांना सगळी वाडी आबा म्हणते.

"कुटनं आलात?"

"खडकीहून. अंगणवाडीला रंग द्यायला," रूथताई म्हणाल्या. "आमचं फोनवर ठरलं होतं. आम्हाला तुमच्याकडून काही नको, फक्त सेवा करायची आहे." उपदेश करायचा नाही, नुसतं काम करायचं, अशी पाळकसाहेबांची सक्त ताकीदच होती.

आबांनी आम्हाला आपादमस्तक पाहिलं. "काय नको म्हंजे? जेवनार बी न्हाई?"

"शिधा आणलाय आम्ही."

"बरं," आबा म्हणाले, आणि ते बरं म्हणणं काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणवाडीची पुढची भिंत निळी झाली. योएल तिला टेकून दमला असल्यामुळे त्याची पाठही निळी झाली. वाडीनं मुक्कामाला दिलेल्या खोलीवर परतलो, तर जमीन ताजी सारवलेली, भांडी घासलेली, आमचे कपडे धुऊन कुंपणावर वाळत घातलेले. चुलीपाशी आबांच्या बायको, भिमामावशी, खेकड्याचं कालवण ढवळत बसल्या होत्या.

"मावशी, हे काय? सेवा करायला आम्ही आलोय," रूथताई कळवळून म्हणाल्या.

"सावड हाय ही," मावशी म्हणाल्या. सावड म्हणजे आज तू माझ्या कामाला ये, उद्या मी तुझ्या कामाला येतो. सगळं मावळ असंच भात लावतं आणि झोडतं. "तुमी आमच्या भिंतीला हात लावला, आमी तुमच्या कामाला लावला. बसा, जेवा."

कालवण इतकं झणझणीत होतं की माझ्या साक्षीतलं रडणं तिथंच उरकलं.

पण आम्ही हार मानणारे नव्हतो. योएलनं हिशेब मांडला की आपण खळ्यावर काम केलं तर पुन्हा आपली सेवा वरचढ होईल. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही भात झोडायला गेलो. पेंढी दोन्ही हातांनी उचलून फळीवर आपटायची, की दाणे खाली पडतात. माझे दाणे वर गेले, आणि मग पेंढीही गेली. ती मागे उभ्या असलेल्या रूथताईंना लागली. त्या क्षणी त्या काय पुटपुटल्या ते मी साक्षीत सांगणार नाही. संध्याकाळी या मदतीबद्दल वाडीनं आम्हाला पाणी तापवून दिलं, सरपण आणून दिलं आणि एका घरातून भलामोठा भोपळा आला. आम्ही जितकं जास्त करावं तितकं जास्त आमच्यावर कोसळत होतं. त्यात योएलनं गप्पांच्या ओघात सांगून टाकलं की आमच्या चर्चच्या आवारात कंबरेएवढं गवत वाढलंय. नको तिथं तोंड उघडायची त्याची सवय जुनी आहे.

त्या संध्याकाळी मी भोपळा शेजारी ठेवून ओट्यावर बसलो होतो. भिमामावशी शेजारी येऊन टेकल्या.

"कुनी काय दिलं की तोंड का पाडतूस रं?"

"मावशी, मी उपयोगी पडायला आलोय," मी म्हणालो, "आणि मला काहीच येत नाही."

"न्हाईच येत," मावशींनी लगेच कबूल केलं. "पेंढी तर तू हवेत झोडतूस. पर सावडीला कुनाला किती येतंय ते कोन बगतंय? आला का न्हाई, येवढंच बगत्यात. तू आलास."

मला एकदम भरून आलं. यावेळी कालवण नव्हतं.

अंगणवाडीची मागची भिंत तेवढी उरली होती. शेवटच्या दिवशी सकाळी आबांच्या शेळीनं रंगाचा डबा लाथाडला आणि सांडलेल्या रंगात ती मनसोक्त लोळली. भिंत राहिली, शेळी झाली. मी ओशाळून आबांना म्हणालो, "काम अर्धवट राहिलं."

"लय बरं झालं," आबा खुशीत म्हणाले. मला वाटलं, रंग आवडला नसेल.

त्याच दुपारी, शेवटचा प्रयत्न म्हणून, आम्ही लोणावळ्याला जाऊन वाडीसाठी चिक्की घेऊन आलो. तिच्या बदल्यात आबांनी निरोपाला जिवंत कोंबडा हातात दिला. परतीच्या लोकलमध्ये टीसीनं योएलच्या पायाशी हलणारी पिशवी पाहिली.

"कोंबडा तुमचा?"

"नाही."

"तुमचा नाही?"

"नाही साहेब."

"मग तुमच्या पिशवीत कसा?"

"पिशवीही माझी नाही," योएल म्हणाला, आणि कोंबडा आरवला. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट रूथताई दर वर्षी मुलांना शिकवतात. त्या खिडकीकडे तोंड करून खडकीपर्यंत खांदे हलवत हसत होत्या.

रविवारी मी माईकसमोर उभा राहिलो. आई पहिल्या बाकावर रुमाल घेऊन सज्ज होती. तयार साक्ष आठवेना. मी म्हणालो, "मी सेवा करायला गेलो होतो, पण..." आणि मागचं दार उघडलं. आबा, भिमामावशी आणि वाडीतली माणसं, प्रत्येकाच्या हातात विळा. मागच्या बाकावरचे दोन ज्येष्ठ सभासद चटकन उभे राहिले.

"चालू द्या तुमचं," आबा म्हणाले. "गवत कुटं हाय?"

माझी साक्ष तिथंच संपली. उपासना संपताच सगळी मंडळी आवारात आली. मी विळा मागितला, तर मावशींनी मला पायरीवर बसवलं. "आज आमची पाळी. गप बस." आईनं सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. लोक घाम गाळत असताना नुसतं बसून चहा पिणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. पण मी ते केलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

संध्याकाळी आवार स्वच्छ झालं. फक्त फाटकाजवळच्या कोपऱ्यात गवत तसंच उभं होतं. मी म्हणालो, "आबा, तेवढं राहिलं."

"राहू दे," आबा विळा फडक्यात गुंडाळत म्हणाले. "समदं फिटलं तर मंग यायचं कशाला?"

आई अजून विचारते, तुझं आयुष्य बदललं का. तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मी सध्या निळ्या रंगाचा डबा शोधतोय. मागची भिंत राहिलीय.