केनवडच्या गोदामात बोललं गेलेलं माझं खोडलेलं वाक्य

ईशा आणि रोहन, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. इतर वाचकांनीही वाचायला हरकत नाही. मात्र घाबरायची हौस असलेल्यांनी दुसरं पान उघडावं. रस्त्यात उतारा दिसला तर त्यातल्या लिंबाचं सरबत होईल का, एवढाच विचार माझ्या मनात येतो. भूत पाहिलेली माणसं मला आयुष्यभर भेटली. त्यातल्या एकालाही सरळ वाक्य बोलता येत नव्हतं.

तुमचा प्रशांतकाका, म्हणजे माझा पुतण्या, केनवडला शेतकऱ्यांची कंपनी चालवतो. तूर, सोयाबीन, एक गोदाम. हल्ली कोणाला कुठलं काम द्यायचं हे तिथे माणूस ठरवत नाही, कामं नेमणारं सॉफ्टवेअर आणि त्यातला एआय एजंट ठरवतो. या एजंटाला साधनं दिलेली असतात : काम नेमणं, मुदत बदलणं, काम पूर्ण झाल्याचं नोंदवणं. कुठलं साधन कधी वापरायचं आणि कधी नाही, हे प्रत्येकाखाली लिहावं लागतं. तो तेवढंच वाचतो आणि तसंच वागतो.

प्रशांतने लिहिलं होतं — ‘काम पूर्ण करा : काम पूर्ण करण्यासाठी.’

नववीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

‘‘काकू, तुमी इंग्रजी शिकवलं जन्मभर. तुमीच लिहून द्या ना,’’ तो फोनवर म्हणाला. ‘‘मले नाही जमत.’’

‘‘ते दिसतंच आहे,’’ मी म्हणाले.

मंगरूळपीरला, माझ्या जेवणाच्या टेबलावर, दुपारी मी लिहायला बसले. खरी अडचण मला ठाऊक होती. आपल्याकडे माणूस कामाला निघाला की ‘झालं’ म्हणतो. कधी तर निघायच्या आधीच म्हणतो. माणसांना हे कळतं, कोणी ते मनावर घेत नाही. यंत्र मात्र खरं मानणार. म्हणून मी गोदामातलंच एक काम उदाहरणाला घेऊन पेन्सिलीने लिहिलं : ‘झालं म्हणजे काय झालं? गोदामात हवा खेळवली, हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं?’ वाचून पाहिलं. हे वर्णन नव्हतं, हे रागावणं होतं. मी ते खोडलं आणि नियम नव्याने लिहायला घेतला. घरात मी एकटी. कागद टेबलावर. फोन आतल्या खोलीत.

थोड्या वेळाने तोच फोन वाजला. प्रशांत गोदामातून बोलत होता. त्याने फोन सुनंदाला दिला. ती गोदामात पोती भरते. वाचता येत नाही, म्हणून तिच्या मोबाईलमधलं सॉफ्टवेअर तिला काम बोलून सांगतं.

‘‘काकू, तुरीची पोती बाहेर काढा म्हणून फोन बोलला. म्या कुलपाले चाबी लावली. बाकीच्या बाया मागं उभ्या. तं फोन आपल्या मनानंच पुन्हा बोलला... ‘झालं म्हणजे काय झालं? गोदामात हवा खेळवली, हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं?’ असा दरडावला का हातच थांबला माझा. म्हटलं, हे मास्तरीणबाई कुठून आली?’’

आत किडीसाठी धुरीच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या, त्यांचा वायू माणसालाही मारतो. गोदाम बंदच होतं, हवा खेळवलीच नव्हती. ते काम गजानन मुकादमाचं. एजंटाने त्याला विचारलं, तेव्हा तो बसस्टँडवर चहा पीत होता आणि त्याने कळवून टाकलं, ‘झालं.’ एजंटाने काम पूर्ण म्हणून नोंदवलं आणि पुढचं सुनंदाला दिलं. ती आत गेली असती, तर बाहेर आली नसती. तिच्यामागच्या बायाही नसत्या आल्या.

‘‘झालंच होतं ना बाप्पा,’’ मागून गजाननचा आवाज आला. ‘‘मी निघूनच राह्यलो होतो!’’

त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

प्रशांतनेच गंमत केली असेल, असं मला आधी वाटलं. पण गंमत करायलाही वाक्य रचावं लागतं. शिवाय तो कागद त्याने पाहिलेलाच नव्हता. सॉफ्टवेअर उघडून त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे त्याचंच रत्न होतं : ‘काम पूर्ण करण्यासाठी.’ विकणाऱ्या कंपनीने कळवलं, असं होऊ शकत नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असं उत्तर देणाऱ्यांना पगार मिळतो, हे मला जास्त अद्भुत वाटतं.

तुम्ही दोघं म्हणाल, ‘‘आजी, योगायोग.’’ हे उत्तर प्रशांतच्या वर्णनाच्याच लायकीचं आहे. शब्द न् शब्द तेच वाक्य, तेही मी खोडलेलं? माझ्याकडेही उत्तर नाही, आणि याचा मला मनस्वी राग येतो.

नियम मी स्वच्छ लिहून पाठवला : स्वतः जागेवर जाऊन पाहिलेल्या माणसाने नाव सांगून खात्री दिल्याशिवाय कुठलंही काम पूर्ण धरू नये. सुनंदा आता त्याशिवाय कुलपाला हात लावत नाही.

‘‘आनं थे खोडलेलं वाक्य?’’ प्रशांतने विचारलं. ‘‘थे काहून नाही पाठवलं, काकू?’’

म्हटलं, ते तुझ्या एजंटाला आधीच येतं.