नामकरणाआधीचं जेवण

गेल्या रविवारी आमच्या लेकीचं नामकरण झालं... परळला, आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये. लिहायला आज हात मोकळे मिळालेत, कारण बाईसाहेब पिऊन गाढ झोपल्यात.

आधीचं थोडं सांगायला हवं. लेक जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि नीट पकडच घेत नव्हती. तोंड लावायची, दोन घोट ओढायची आणि दमून झोपायची. मला चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ आली की मी आधी दात-ओठ आवळून बसायचे.

त्यात बघायला येणारी माणसं... बाळाचं नाक कुणावर गेलंय हे ठरवून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "दूध पुरतंय का गं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उत्तर द्यायच्या. "कसलं पुरतंय... बघा ना किती बारीक आहे ती."

सासूबाईंना मी आईच म्हणते. खूप केलं त्यांनी माझं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी... सगळं वेळच्या वेळी ताटात. फक्त ते खाऊन माझ्या अंगावर दूध येतंय, यावर काही त्यांचा विश्वास बसेना. पोर रडली म्हणजे उपाशीच, हे त्यांचं ठाम मत. पावडरचा डबा त्यांनी आणूनच ठेवला होता.

डॉक्टर म्हणाल्या, वजन वाढतंय, काळजी करू नका, पाजत राहा. मी पाजत राहिले. हट्टी आहेच मी, ऑफिसात कुणालाही विचारा. मग हळूहळू पकड जमली आणि एका दुपारी तिच्या घशातून गिळल्याचा आवाज आला... गटक, गटक. मी एकटीच हसत बसले. पण घरात निकाल आधीच लागला होता, हिला दूध नाही.

तर, नामकरण. आता माझा मूर्खपणा ऐका. पोटुशी असतानाच मी दादरला हौसेने निळा ब्लाउज शिवून घेतला होता... हुक मागे, वर नाडी, नाडीला लटकन. पांढऱ्या साडीवर कसला उठून दिसेल, एवढाच विचार केला. पोर प्यायला मागेल तेव्हा काय करायचं, हे ना मला सुचलं ना टेलरमास्तरांना. त्यात माझ्या नणंदेने साडीला इतक्या पिना लावल्या की वाकायची सोय नाही. निघण्याआधी लेकीला पाजलं आणि म्हटलं, निभेल कार्यक्रमापुरतं.

कसलं निभतंय! हॉल भरलेला, मेणबत्त्या लावून झाल्या, तसबिरींना हार घालून झाले. बौद्धाचार्य त्रिशरण घ्यायला उभे राहिले आणि मागे नणंदेच्या मांडीवर आमचा भोंगा सुरू.

भुकेचं रडणं मला लगेच कळतं. पण मी अशी पॅक झालेली. आमच्या मोठ्या काकी, म्हणजे चुलतसासूबाई, म्हणाल्या, "अगं, वरचं दूध द्या ना पटकन. कार्यक्रम खोळंबलाय." आईंची पिशवी तयारच होती... पावडर, थर्मास, बाटली. त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ज्यांना वरचं दूध द्यावं लागतं त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, खरंच. पण माझ्याकडे होतं आणि कुणी मानत नव्हतं. भरल्या हॉलमध्ये ती बाटली निघाली असती, तर कदाचित मीही मानणं सोडलं असतं.

"नको" म्हणायला मी उभी राहिले... आणि छातीत एकदम झिणझिण्या आल्या. लेकीचं रडणं ऐकूनच पान्हा फुटला होता. निळ्या ब्लाउजवर ओला डाग दिसू लागला. बघता बघता पसरला, दुसरीकडे पदरातूनही ओल आली. पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी पदर ओढायला गेले तर पिना सोडेनात.

मग सोडूनच दिला मी तो पदर. म्हटलं, बघा.

आईंनीही बघितलं. त्यांचा हात पिशवीतच राहिला. "अगंबाई..." एवढंच म्हणाल्या. मग तडक उठल्या, बाळ घेतलं, मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. नाडीची गाठ सुटेना तर दातांनी सोडवली. नणंदेने पिना काढल्या आणि दोघी पदर पसरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

आणि आई सगळ्या हॉलला म्हणाल्या, "थांबा जरा. माझी नात जेवतेय."

मग इतकी शांतता झाली की तिचं गिळणं मला ऐकू येत होतं... आईंनाही येत असणार, कारण मध्येच त्यांनी वाकून बघितलं आणि डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, माझाही राग तिथेच विरघळला.

थोड्या वेळाने बौद्धाचार्यांनी हळूच विचारलं, "सुरू करू या का?" एरवी आईंनीच परस्पर उत्तर दिलं असतं. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. भरलं का तिचं पोट?"

मी म्हटलं, "एक बाजू झाली. दुसरी राहिलीय."

"दुसरी राहिलीय अजून!" आईंनी हॉलला ठणकावून सांगितलं.

नाव काय ठेवलं ते सोबत टाकलेल्या फोटोत वाचा. ब्लाउज ओलाच दिसतोय, नणंद क्रॉप करते म्हणत होती, मी नको म्हटलं. प्रमोशन मिळालं तेव्हाही मला इतकं भारी वाटलं नव्हतं... अख्खा हॉल थांबला होता, कुणाची घाई चालत नव्हती, आणि माझी लेक सावकाश पीत होती.