तळघरातला आखाडा

आमच्या तळघरात सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला निघायचा.

घर माझ्या वडिलांनी बांधलेलं. गल्लीत सगळ्यांनी वर मजले चढवले, म्हणून ते ईर्ष्येनं खाली गेले. (त्यांच्या माघारी ओल तेवढी वारसाहक्कानं माझ्याकडे आली.) नव्वदीच्या दशकाच्या शेवटी माझ्या बायकोनं, सुमननं, याच तळघरात शिवणक्लास काढायचं ठरवलं. दसऱ्याचा मुहूर्त, मशिनी सांगून ठेवलेल्या, बायकांनी नावंही दिलेली. लग्नापासूनची तिची ही एकच हौस. आणि भिंतींवर ही बुरशी! तिथं शिवलेलं पोलकं अंगात घालायच्या आधीच डागाळलं असतं.

"ओल माझ्यावर सोड," मी म्हणालो. सुमन शिरोळची. कृष्णेचं पाणी ज्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन जातं, त्या घरातली. तिला मी ओल शिकवणार होतो!

मीठ पाणी ओढतं, हे मला ठाऊक होतं. खडेमिठाची पोती आणून कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवली. मिठानं इमानानं पाणी ओढलं आणि तेवढ्याच इमानानं फरशीवर सोडलं. कोल्हापूरला समुद्र नाही, ही उणीव मी घरच्या घरी भरून काढली. सुमननं सगळं पुसून घेतलं आणि एवढंच विचारलं, की भिंत बाहेरून कधी बघितली आहे का. ओल आत असताना बाहेर काय बघायचं, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

त्याच दिवसांत गल्लीतल्या तालमीत कुस्तीच्या हौद्यातली जुनी माती काढून नवी भरत होते. ती काढलेली तांबडी माती बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जी माती पैलवानांचा घाम पिते, तिला आमची ओल म्हणजे घोटभर चहा! हातगाडीवरून आणून फरशीभर वीतभर थर दिला. आता, कुस्तीच्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल मुरवलेलं असतं, हे प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत असतं. मलाही होतं. (माहीत असलेलं वेळेवर आठवत नाही, एवढीच माझी अडचण.) चार-पाच दिवसांत बुरशी भिंतीवरून खाली उतरली, ताकावर पोसली आणि तळघरभर पांढरी लव पसरली.

बरं, काढावी तर तालमीची माती! तिच्यावर चप्पल घालून जायचं नाही, गटारात तर टाकायचीच नाही. उलट बातमी फुटली तसे जुने पैलवान दर्शनाला येऊ लागले. जिन्यात चपला काढायचे, वाकून माती (बुरशीसकट) कपाळाला लावायचे आणि घरात हौदा असायला भाग्य लागतं म्हणून मला शाबासकी द्यायचे. मीही संकोचानं मान हलवायचो. चहा सुमन करायची. दसरा महिन्यावर आला होता.

एका दुपारी पाच-सहा पैलवान जमले असताना ती जिन्यात येऊन उभी राहिली.

"पाया पडून झालं न्हवं?"

"व्हय, वैनी."

"मग आता उचला. तालमीची माती तालमीतच शोभती की. पाट्या वर ठेवल्यात."

ज्यांची पाठ मैदानात कुणी मातीला लावली नव्हती, त्यांनी निमूट पाट्या डोक्यावर घेतल्या. संध्याकाळी सगळी माती तालमीमागच्या औदुंबराखाली गेली.

मग ती छत्री घेऊन भर पावसात घराबाहेर गेली आणि मला हाक मारली. गच्चीचं पाणी आणणारा पाइप खाली फुटला होता आणि सगळा पाऊस आमच्या भिंतीच्या पायात ओतत होता. शेजारी तळघराचा झरोका. उंदीर येतात म्हणून त्यात पोतं कोंबलेलं होतं. (कोंबणारा मीच.)

"आमच्याकडं पूर गेला की पयलं बघत्यात, पाणी येतंय कुठनं आन वारं जातंय कुठनं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

तिनं गवंडी बोलावून पाइप लांब काढला, पोतं उपसलं, भिंती खरवडल्या, पंखे लावून वाळवल्या आणि चुना दिला. पदर खोचून चुन्यानं माखलेली ती मला एखाद्या सेनापतीसारखी दिसली. खरंच सांगतो, एवढा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही पराक्रमाचा वाटलेला नाही. (तसा पराक्रम नाहीच म्हणा.)

दसऱ्याला क्लास सुरू झाला. भिंती ठणठणीत, मशिनींचा खडखडाट गल्लीभर. जिन्याच्या तोंडाशी सुमननं ठळक अक्षरांत पाटी लावली, 'पुरुषांना प्रवेश बंद'. गल्लीतल्या बायका अजून त्या शिस्तीचं कौतुक करतात. त्यांना बिचाऱ्यांना हे माहीत नाही, की आमच्या घरात पुरुष मी एकटाच आहे.