डोणगावला जाणारी चिठ्ठी

माझ्या पुस्तकांच्या ब्लॉगला वाचक किती, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. माझ्या लिहिण्याचा खरा वाचक एकच आहे आणि तो ब्लॉग उघडतसुद्धा नाही, कारण त्याच्याकडे अजून बटणांचा फोन आहे. त्याला मी मास्तर म्हणते.

हे शाळेतले मास्तर नव्हेत. एस.टी.च्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मी डोणगावहून मेहकरला कॉलेजात जायची, तेव्हा सकाळच्या गाडीवर हे असायचे. तिकिटं फाडून झाली की दाराजवळच्या सीटवर बसून पिशवीतून पुस्तक काढायचे. एकदा मी मागून वाकून वाचतेय हे त्यांच्या लक्षात आलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी पुस्तकच माझ्या हातात दिलं. अट एवढीच, की वाचून झालं म्हणजे उतरताना एका वाक्यात सांगायचं, कसं आहे ते. ‘चांगलं आहे’ म्हटलेलं चालायचं नाही. “चांगलं तं वांगंही असते,” म्हणायचे. मी वाक्य जुळवत पायरीवर उभी, ते घंटीची दोरी धरून उभे, आणि आतली माणसं दोघांच्या नावानं खडे फोडताहेत, असं दोन-तीन वर्षं चाललं. समीक्षा मी तिथे शिकले.

पुढे लग्न होऊन मी देऊळगाव राजाला आले, एका शाळेत क्लार्क झाले आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर हात बसल्यावर ब्लॉग सुरू केला. मास्तर तोवर निवृत्त होऊन डोणगावात घरी बसले होते. इथल्या वाचनालयातून पुस्तक घ्यायचं, आधी आपण वाचायचं, मग कागदात बांधून डोणगाववरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, हा आमचा रिवाज पडला. त्या मार्गावरचे सगळे कंडक्टर त्यांना ओळखत, त्यामुळे पुडकं कधी हरवलं नाही. पुडक्यात माझी एक चिठ्ठी असायची. ‘पहिली चाळीस पानं सोडा, मग गाडी रस्त्याला लागते.’ ‘बाप मरतो तिथं थांबा. पुढचं लेखकानं उगाच लिहिलंय.’ मास्तर चिठ्ठीबरहुकूम वाचायचे, कारण त्यांच्या एका डोळ्यानं काचबिंदूपायी राम म्हटला होता. दुसऱ्याचं जेवढं शिल्लक आहे तेवढं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सकाळच्या उन्हात अंगणात खुर्ची टाकून, भिंग धरून दिवसाला दहा-बारा पानं. एक पुस्तक म्हणजे त्यांचा जवळजवळ महिना. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सांगताना लाज वाटते.

झालं असं, की जिल्ह्यातल्याच एका लेखकाच्या कादंबरीवर मी ब्लॉगवर लिहिलं. यातला खेड्यातला माणूस तोंड उघडतो ते फक्त शहरातल्या वाचकाला हसवायला, एवढंच माझं म्हणणं. दोन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या एका वाक्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकला आणि जिल्ह्याचा अपमान झाला. एकानं मला स्वयंपाकाची पुस्तकं वाचायचा सल्ला दिला. एकानं माझी शाळा शोधून काढली आणि मुख्याध्यापकांना फोन केला. मुख्याध्यापक माणूस भला. त्यांनी मला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, मॅडम, कादंबरी मीही वाचली आहे, तुमचं खरं आहे, पण जरा बघा. त्या ‘जरा बघा’त मला माझी नोकरी जाताना दिसली. घरी येऊन मी मजकूर काढून टाकला आणि ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ अशी माफी लिहिली. नवरा म्हणाला, सुटलीस. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर माझं लिहिणं फार गोड झालं. ‘संग्राह्य’, ‘आशयघन’, ‘आवर्जून वाचावे असे’. हे शब्द असे आहेत की पुस्तक न उघडताही लिहिता येतात. लोक खूश, लेखक खूश, मला सहीची पुस्तकं यायला लागली. वाक्य टाइप केलं की ते कुणाला झोंबेल याचा विचार आधी, आणि ते खरं आहे का याचा मग, किंवा नाहीच.

त्यातच एका बड्या माणसाची पावणेचारशे पानांची कादंबरी आली. साठाव्या पानावर मला झोप लागली. ब्लॉगवर मी तिला आशयघन ठरवलं. आणि मग मास्तरांचं पुडकं बांधताना दुसरं पुस्तक हाताशी नव्हतं म्हणून तीच बांधली. चिठ्ठी लिहायला घेतली आणि हात थांबला. वाटलं, चिठ्ठी वाटेत कुणी पाहिली तर? कुणी फोटो काढला तर? ज्या पुडक्याची दोरी वीस वर्षांत कुणी सोडली नव्हती, त्याची मला भीती वाटली. मी लिहिलं, ‘आवर्जून वाचावे असे पुस्तक.’

महिना झाला, पुस्तक संपलं की यायचा तो मास्तरांचा फोन नाही. दीड महिना झाला. शेवटी एका रविवारी मीच डोणगावला गेले. मास्तर अंगणात होते. मांडीवर ती कादंबरी, भिंग शेवटच्या पानांवर. डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते उपरण्यानं टिपत टिपत वाचत होते. मला पाहून हसले, बस म्हणाले. सुनेनं आणलेला चहा मी हातात धरून बसले. विचारलं, कसं आहे. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

“काई नाई त्याच्यात. मी म्हटलं, पोरीनं आवर्जून लेहलं, तं पुढं काईतरी असंन. म्हणून वाचतच राह्यलो.”

मी चहा खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. तो फोटो, तो फोन, माफी, गोड शब्द, आणि साठाव्या पानावरची झोपसुद्धा. मला वाटलं होतं ते चिडतील. गाडीत बिनतिकीट माणसावर चिडायचे तसे चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी पुस्तकातून काढली, डोळ्याजवळ नेऊन पुन्हा एकदा वाचली आणि माझ्या हातात दिली.

“लोकाईचं भेव वाटते तं तिकडं नको लेहू. तुही नोकरी हाय, मले समजते. पण मले तं खरं सांगत जाय, पोरी. माह्यापाशी आता जास्त पानं उरली नाईत.”

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. नव्या कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मी नुसते पैसे पुढे केले. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं, त्याच्या उरलेल्या उजेडातला दीड महिना मी एका खोट्या ओळीवर उधळला होता, आणि तोही मला न ओळखणाऱ्या लोकांच्या धाकानं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एक नवं पुस्तक आलं होतं, बरंच गाजलेलं. तीन दिवसांत वाचून काढलं. मग कागदात पुस्तक न घालता नुसती चिठ्ठी घडी करून पाकिटात घातली आणि गाडीवर दिली. ‘हे मी वाचलं. तुम्ही वाचू नका. मधली दोन प्रकरणं खरी आहेत, ती मी पुढच्या रविवारी येऊन वाचून दाखवीन. बाकी लेखक स्वतःच्या प्रेमात पडलाय.’

घरी आल्यावर ब्लॉग उघडला आणि चिठ्ठीतलाच शब्द न शब्द तिथे उतरवला. फक्त रविवारचं वाक्य गाळलं, ते आमच्या घरचं होतं. तासाभरात फोन थरथरू लागला. कोण काय म्हणतंय ते पाहिलं नाही, भीती मात्र वाटत होती, अजूनही वाटते. रात्री भाकरी तव्यावर होती. मग फोन वाजला तो डोणगावचा.

“चिठ्ठी भेटली,” मास्तर म्हणाले. “एक महिना परत भेटला मले.”