मनगटाचा दोरा

निजामाच्या राज्यातले ते शेवटचे दिवस. पैनगंगेपलीकडचा मुलूख आम्हाला परका. पण इकडून पळालेल्यांची पोरकी लेकरं तिथल्या छावणीत होती. आमच्या गावानं घरटी एकेका लेकराचं पोट वाटून घेतलं होतं. नदीच्या नाक्यावरचे निजामाचे शिपाई दाणागोटा पलीकडे जाऊ देत नसत, म्हणून त्यांच्यासाठी ज्वारीचं पीठ एक कासारीण टोपलीत बांगड्यांखाली दडवून न्यायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. कुणी दरडावून विचारलं, तर तोंडून निघायला नको.

येताना ती आमच्या वाट्याच्या लेकराच्या मनगटाच्या मापाचा दोरा आणायची. बांगडी चढवता चढवता माझ्या मुठीत सरकवायची.

"भरून राहिलं बघा तुमचं पोरगं."

"मावशी, नाक्यावरच्या बंदुकांचं भ्या न्हाई वाटत?"

"दोरा आखूड यायचं भ्या वाटतं, बाई."

एकदा तिनं नवा दोरा जुन्याला लावला. नखभर आखूड होता.

"आज दुप्पट भरा," ती म्हणाली.

"टोपलीत मावणार न्हाई, मावशी."

तिनं निम्म्या बांगड्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. मी दुप्पट पीठ भरलं; त्यावर बांगड्यांचा जेमतेम एक थर उरला. मधून पांढरं दिसत होतं. तिनं पदर सारखा केला, टोपली उचलली आणि नदीची वाट धरली.

त्या बांगड्या अजून माझ्याकडेच आहेत.